उचल फिटेपर्यंत

मामा सांगली जिल्ह्यात ऊस लावतात. सहकारी कारखान्याचे जुने सभासद, एकेकाळी संचालक मंडळावरही होते. त्यांची भाची जिल्हा न्यायालयात वकिली करते. वीटभट्टी, कोळसाभट्टी, ऊसतोड अशा ठिकाणी अडकलेल्या मजुरांची प्रकरणं ती घेते. एका कार्यक्रमात ऊसतोडीबद्दल बोलताना तिनं ‘मानवी तस्करी’ असं म्हटलं आणि ते मामांच्या जिव्हारी लागलं. त्यावर दोघांचं जे बोलणं झालं ते इथं मांडतो आहे. मधूनमधून माझंही मत घातलं आहे आणि ते कोणाच्या बाजूचं आहे हे लपवलेलं नाही.

मामा : तस्करी म्हणजे मुली पळवणं. गुंगीचं औषध देऊन रेल्वेत घालायचं आणि कामाठीपुऱ्यात नेऊन विकायचं. ते करणाऱ्याला जन्मठेप द्या, मी पहिली सही करतो. पण माझ्या फडात येणारा गडी स्वतःच्या पायानं येतो. बायको, पोरं, भांडीकुंडी, बैल, सगळं घेऊन येतो. अंगठा त्यानं दिलेला असतो, पैसे त्यानं मोजून घेतलेले असतात. त्याला कोणी पळवून आणला?

भाची : मामा, पळवून आणलेली माणसं या धंद्यात थोडीच असतात. बहुतेक जण स्वतःच्या पायानंच येतात. कामाठीपुऱ्यात पोचलेल्या कितीतरी मुली ओळखीच्या बाईबरोबर नोकरीला म्हणून निघालेल्या होत्या. अलीकडची शिकलेली पोरं घ्या. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरची नोकरी आहे म्हणून विमानानं गेली आणि नदीपलीकडं म्यानमारमध्ये, लोकांना ऑनलाइन गंडा घालणाऱ्या अड्ड्यांत कोंडली गेली. मार्च 2025 मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी पाचशेवर जणांना परत आणलं. विमानात चढताना त्यांच्यावरही कोणी जबरदस्ती केली नव्हती.

मामा : ती फसवणूक झाली. इथं काय फसवणूक आहे? ऊस तोडायचाय, हे त्याच्या आज्यालाही माहीत होतं.

भाची : म्हणून कायदा नुसती फसवणूक बघत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 तीन गोष्टी विचारतं. काय केलं? माणूस कामासाठी गोळा केला, नेला, ठेवून घेतला किंवा दुसऱ्याच्या हवाली केला. कसं केलं? धाक दाखवून, फसवून, आमिष दाखवून किंवा हातातल्या सत्तेचा गैरवापर करून. आणि कशासाठी? पिळून घेण्यासाठी. या तिन्हींची उत्तरं मिळाली, तर माणूस ‘हो’ म्हणाला होता की नाही, याला कायदा महत्त्व देत नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली तस्करीविरोधी पालेर्मो प्रोटोकॉल केला त्याचा साचाही असाच आहे आणि भारतानं 2011 मध्ये तो मान्य केला.

मामा : त्याच्या ‘हो’ला महत्त्व नाही? म्हणजे गरिबाला अक्कल नसते, त्याचं भलंबुरं तुम्ही वकिलांनी ठरवायचं! अगं, जून महिन्यात त्याच्या घरी दाणा नसतो. बँक त्याला दारात उभं करत नाही. तेव्हा टोळी जमवणारा मुकादम लाखभर रुपये आगाऊ हातात ठेवतो. पोरीचं लग्न त्यावर होतं, बापाचं ऑपरेशन त्यावर होतं. उद्या तुझ्या कायद्यानं ही उचल बंद केली तर त्या घरानं काय करायचं?

मामांचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तस्करीविरोधी बोलणाऱ्या पुष्कळ लोकांकडं त्याचं उत्तर नसतं आणि म्हणून ते दलालाच्या क्रूरपणावर बोलत राहतात. शिरूर कासार, धारूर, वडवणी, पाथर्डी या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडावर पैसे देणारा माणूस बहुधा एकच असतो. तो त्याच गावचा, कित्येकदा त्याच जातीचा, स्वतः कधीकाळी कोयता धरलेला असतो. त्याच्या पैशाची गरज खोटी नाही. भाचीनंही ती नाकारली नाही.

भाची : अक्कल आहे म्हणूनच तो उचल घेतो, मामा. त्याच्यापुढं दुसरी वाट नाही हे त्यालाही कळतं आणि मुकादमालाही कळतं. सगळा व्यवहार त्या कळण्यावरच उभा आहे. 1982 साली दिल्लीत एशियाडची स्टेडियमं बांधताना मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत होते. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की जबरदस्ती फक्त दांडक्यानं होत नाही. भुकेपोटी, दुसरा पर्यायच नाही म्हणून जो किमान वेतनाहून कमी पैशावर राबतो, त्याची मजुरी राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 मध्ये मनाई केलेली सक्तीची मजुरीच आहे. माणसांचा व्यापार आणि वेठबिगार, दोन्हींना मनाई त्या एकाच अनुच्छेदात आहे.

मामा : किमान वेतनाहून कमी? जोडीला टनामागे पैसे मिळतात. जेवढं तोडशील तेवढं घे.

भाची : करू या का हिशेब? जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं 34 टक्के वाढ दिली, तेव्हा दर टनाला साधारण 366 च्या घरात गेला. नवराबायको मिळून एक कोयता. दिवसाला किती टन तोडतात?

मामा : चांगली जोडी असेल तर दोन टन. ऊस पडलेला असेल, पाचट फार असेल तर दीडसुद्धा होत नाही.

भाची : दोनच धरू. झाले 732 रुपये, दोन माणसांचे. माणशी 366. ऊस तोडायचा, पाला काढायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरनं चढून ट्रकमध्ये टाकायची. पहाटे फडात गेलेली बाई अंधार पडल्यावर कोपीवर येते आणि मग चूल पेटवते. रात्री दोनला गाडी आली तर परत उठायचं, भरायला. एवढ्या तासांचे 366. हंगामात गाळप बंद, गाडी नाही, आजारपण असं सगळं वजा जाऊन कामाचे दिवस 120 धरा. 87,840 रुपये. उचल किती होती?

मामा : धर एक लाख.

भाची : 12,160 बाकी राहिले. पाच महिने राबून घरी जाताना तो देणेकरीच आहे. त्यात हंगामात खर्चीला घेतलेले पैसे मिळवा, खाड्यांचा दंड मिळवा. एक दिवस बाई तापानं पडली तर खाडा धरतात, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर पैसे कापतात. ही बाकी पुढच्या सालच्या उचलीत जाते. बाकी फिटल्याशिवाय दुसऱ्या मुकादमाकडं जाता येत नाही. माणूस कसा आला ते मी शेवटी बघते. आधी बघते, त्याला निघून जाता येतं का.

मामींनी इथपर्यंत एक शब्द काढला नव्हता. त्या निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून म्हणाल्या :

मामी : गेल्या साली आपल्या वरच्या पट्टीत टोळी होती. त्यातली एक बाई पाणी मागायला यायची. पोर बांधाला झोळीत टाकलेलं. मी तिला विचारलं, तुला टनाला काय मिळतं? तिला माहीत नव्हतं. म्हणाली, मालकाला ठाऊक, हिशेब त्येंच्यापाशी. उचल किती घेतली तेही तिला नवऱ्यानं अर्धवटच सांगितलेलं. निम्मा कोयता तिचा, आणि कागदावर तिचं नाव कुठंच नाही.

ही बाई कशा परिस्थितीत राबते हे 2019 नंतर सगळ्या राज्याला कळायला हवं होतं. बीड जिल्ह्यात 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढून टाकलेलं आढळलं. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही. दुखणं अंगावर काढायचं, ते हाताबाहेर गेलं की डॉक्टर पिशवी काढायचा सल्ला देणार. त्या ऑपरेशनचे पैसेही पुष्कळदा मुकादमाकडूनच घेतलेले, म्हणजे पुन्हा उचल. मारहाण आणि कोंडून ठेवणं पटकन डोळ्यांत भरतं. पण शोषण असंही चालतं : शरीर झिजतं, झिजलेल्या शरीराच्या उपचाराचं कर्ज चढतं, आणि ते फेडायला तेच शरीर पुन्हा फडात जातं.

मामा : बायकांचे हाल होतात हे मला मान्य आहे. मी काही दगड नाही. पण तू दुसरी बाजू कधी सांगत नाहीस. आमच्याकडं ट्रॅक्टरवाले आहेत, बँकेचं कर्ज काढून गाडी घेतलेले. मुकादम त्यांच्याकडनं दहा-पंधरा लाख उचलतो आणि टोळीच पाठवत नाही. फोन बंद. आपल्या भागातले वाहतूकदार यात देशोधडीला लागले. कुणी आत्महत्या केल्या. आणि ऊस वाळायच्या बेताला आला की टोळी शेतकऱ्याकडं ‘खुशाली’ म्हणून एकरी वरचे पैसे मागते, ड्रायव्हरलाही ‘एंट्री’ म्हणून पैसे द्यावे लागतात. त्यांना काय म्हणायचं? त्यांची तस्करी कुणी लिहिणार?

भाची : ती फसवणूक आहे आणि ती गुन्हाच आहे. मी तिची बाजू घेत नाही. पण तिथं पोलीस काय करतात बघा. वाहतूकदार तक्रार देतो, गुन्हा नोंदतात, पथक बीडला जातं. कधी पोलिसांनाही न विचारता चार माणसं गाडी घेऊन जातात आणि मुकादमाला नाहीतर मजुराला उचलून आणतात, पैसे येईपर्यंत डांबून ठेवतात. उलट वेठबिगार पद्धत रद्द करणारा 1976 चा कायदा म्हणतो की वेठबिगारीतलं कर्ज संपलं. फेडायचंच नाही. ते वसूल करू पाहणारा गुन्हेगार ठरतो. आणि हे वेठबिगारीचं कर्ज नव्हे, हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर टाकलीय. असा कायदा पन्नास वर्षं पुस्तकात आहे, मामा. वसुलीला यंत्रणा धावते, सुटकेला धावत नाही.

मामा : तुझं तेच तर चुकतंय. सगळा दोष वसूल करणाऱ्यावर. अगं, तू तस्करीचं कलम लावशील तर अटक कुणाला होईल? मुकादमाला. ज्याच्या बापानंही ऊस तोडला त्याला. नाहीतर त्या कर्जबाजारी ट्रॅक्टरवाल्याला. कारखान्याचा एम. डी. आत जाईल का? चेअरमन जाईल का? कागदावर कारखान्याचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदाराचा मुकादमाशी. मुकादमाचा टोळीशी, तोही तोंडी. मी संचालक होतो, मला सांगू नकोस. हा करार असा का लिहितात हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या उसाच्या बिलातनं कापतात, पण तोडणारा माणूस ना माझा नोकर, ना कारखान्याचा.

हे बोलून मामा थांबले. आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. माझ्या मते सगळ्या संभाषणातलं सर्वांत मोलाचं वाक्य त्यांचंच होतं. शोषणाच्या अशा व्यवस्थेत मजुराचा ‘मालक’ कोण हे मुद्दाम धूसर ठेवलेलं असतं. साखर विकणारा, इथेनॉल विकणारा, उसाचं बिल घेणारा, प्रत्येक जण मजुरापासून एका कराराच्या अंतरावर उभा असतो आणि सगळ्यांत जवळ उभा असतो तो सगळ्यांत दुबळा दलाल.

भाची : हे तुम्ही न्यायालयात साक्ष म्हणून सांगाल का? कायद्यातही एक मोठं भोक आहे, तेही ऐका. निर्भया प्रकरणानंतर फेब्रुवारी 2013 मध्ये अध्यादेश निघाला, त्यात तस्करीच्या व्याख्येत शोषण म्हणून सक्तीची मजुरी स्पष्ट लिहिली होती. एप्रिलमध्ये कायदा झाला तेव्हा ते शब्द गायब. नव्या न्याय संहितेत भीक मागायला लावणं आलं, सक्तीची मजुरी आली नाही. गुलामगिरी आहे, गुलामगिरीसारख्या प्रथा आहेत, अवयव काढणं आहे. मग आम्ही कोर्टात उभं राहून सांगायचं की उचलीत अडकवणं ही गुलामगिरीसारखीच प्रथा आहे. कधी ऐकतात, कधी नाही. ठाणेदार तर आधीच म्हणतो, ‘मॅडम, हा मजुरीचा वाद आहे, लेबर ऑफिसला जा.’

मामा : बरोबरच म्हणतो. सगळ्यालाच तस्करी म्हणायला लागलात तर खरी तस्करी झाली तेव्हा कुणी लक्ष देणार नाही.

भाची : खरी म्हणजे कुठली? नाशिक जिल्ह्यातली सांगू? इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावची, 2022 सालची. कातकरी वस्ती. तिथली लहान लहान पोरं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडं कामाला ठेवलेली होती. मोबदला काय, तर आईबापांना काही हजार रुपये आणि एक मेंढी. त्यातली दहा वर्षांची एक मुलगी मरायला टेकलेली असताना तिला आणून घराबाहेर टाकलं. दवाखान्यात ती गेली. ती गेली म्हणून बाकीच्या पोरांची चौकशी झाली, श्रमजीवी संघटनेनं पाठपुरावा केला, गुन्हे दाखल झाले. ती जगली असती तर आजही ती कुणाच्या तरी मेंढ्या वळत असती आणि सगळे म्हणाले असते, गरीब आहेत, पोर कामाला ठेवलीय.

मामा : ते पाप आहे. लेकराचं वेगळं.

भाची : लेकराची तस्करी केली तर शिक्षा जास्त आहे, दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पण ही तस्करी घडली कशी ते बघा. घरात पैसा नाही, आगाऊ रक्कम देणारा एकच माणूस, त्या रकमेच्या बदल्यात माणूस ताब्यात, आणि किती काम केलं म्हणजे फिटलं याचा हिशेब फक्त ताब्यात घेणाऱ्याकडं. कुंटणखान्यातही असंच. मुलगी जितक्याला विकत घेतली ती रक्कम तिच्याच नावावर कर्ज म्हणून चढवतात. वर भाडं, कपडे, औषध, पोलिसांचा हप्ता. फेडून झालं असं मालकीण सांगेल तेव्हा झालं.

मामा : मग धाड टाका आणि सोडवा. तिथं मी तुझ्या बरोबर आहे.

भाची : धाडीचंही सांगते. फेब्रुवारी 1996 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईत मोठ्या धाडी झाल्या. चारशेहून अधिक मुली सुधारगृहांत आणल्या, त्यात नेपाळच्या फार. त्यांना परत न्यायला नेपाळ सरकार महिनोन्महिने पुढं येईना. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून अधिक मुली नेल्या. कोंडलेली मुलगी एका खोलीतून निघाली आणि दुसऱ्या खोलीत बसली. सांगलीत तर स्वतःच्या मर्जीनं धंदा करणाऱ्या बायकांची संघटना आहे. त्या कित्येक वर्षं सांगतायत की धाडीत आम्हाला उचलू नका, अल्पवयीन मुली कुठं आणल्यात ते आम्हाला आधी कळतं, आमची मदत घ्या. मला त्यांचं सगळं पटत नाही. गरिबीतनं आलेली मर्जी कितपत मर्जी, हा माझा प्रश्न तिथंही आहे. पण प्रौढ बाईला विचारल्याशिवाय तिची सुटका करायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं.

मामा : हेच मी मघापासून म्हणतोय! ऊसतोड मजुराला विचारलंस का, तुला सोडवू का म्हणून?

भाची : विचारलं. म्हणाला, सोडवा, पण पुढच्या जूनमध्ये पैसे कोण देईल ते सांगा.

इथं दोघंही गप्प बसले. सरकारचं उत्तर कागदावर आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेनं मजुराला वेठबिगारीतून मुक्तता प्रमाणपत्र दिलं तर तातडीची मदत म्हणून 30 हजारांपर्यंत रक्कम मिळते. पुढं पुनर्वसनाचे पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि अत्याचाराच्या टोकाच्या प्रकरणांत तीन लाख. पण मोठी रक्कम 2016 पासून आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. खटला चालणार किती वर्षं, आणि तोवर त्या घराचे किती जून येऊन जाणार? सुटलेला माणूस त्याच मुकादमाच्या दारात पुन्हा उभा राहिला तर त्यात त्याचा मूर्खपणा नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलेलं आहे. त्या पैशातून पावसाळ्यात बिनव्याजी रक्कम थेट घरात पोचली तर मुकादमाची मक्तेदारी मोडेल. माझ्या दृष्टीनं शंभर धाडींपेक्षा हे काम मोठं आहे.

मामा : मी काय करू म्हणतेस? माझ्या एकट्याच्या उसानं काय होणार?

भाची : सप्टेंबरात सर्वसाधारण सभा आहे. ठराव मांडा. एक, टोळीतल्या प्रत्येक माणसाची, बाईचीसुद्धा, नावानिशी नोंद कारखान्यानं ठेवावी. दोन, तोडणीचे पैसे मुकादमाकडं न देता ज्याचे त्याच्या खात्यावर, बाईचे बाईच्या खात्यावर. तीन, हंगाम संपला की बाकी संपली. पुढच्या सालात ती ओढायची नाही.

मामा : पहिली दोन मी मांडतो. दोन नंबरला ओरडा होईल, मुकादम टोळ्या शेजारच्या कारखान्याला घालवतील, पण मांडतो. तिसरं जमणार नाही. अर्ध्या हंगामात मजूर पळून गेला तर ती बुडीत कोण सोसणार? वाहतूकदार मरेल.

भाची : कारखान्यानं सोसावी. साखर तो विकतो.

मामा : म्हणजे आमच्या भावातनं कापणार.

भाची : टनाला किती पडेल, काढा की. तुम्ही हिशेबाचे माणूस.

मामा : काढतो. पण तिसरं मी मांडणार नाही. सभेत चपला उडतील. एवढं वाटतंय तर तू ये आणि तू मांड.

भाची : मी सभासद नाही.

मामी : मी आहे. पाच एकर आणि शेअर माझ्या नावावर आहेत की, जमिनीच्या सीलिंगच्या वेळचे. दरवर्षी सही तुम्ही घेता आणि सभेला तुम्ही जाता. ए, तो तिसरा ठराव नीट लिहून दे मला. आणि त्यात आधी हे घाल, की बाईला तिचा दर सांगायचा.